सव्वालाख किलोमीटर पळालेली लिनिया टी-जेट : चार वर्षांच्या वापरानंतरचा अभिप्राय

२०११ च्या नोंदणीची फियाट लिनिया टी-जेट मी २०२१ च्या दिवाळीनंतर पुण्याहून घेतली, तेव्हा तिच्या मीटरवर १,२४,६०० किलोमीटर होते. आज अंबाजोगाईत माझ्या दारात उभ्या असलेल्या त्याच गाडीचे मीटर १,८३,००० च्या पुढे गेले आहे. या काळात बीड, लातूर, छत्रपती संभाजीनगर आणि पुणे अशा सततच्या प्रवासात मी तिच्यावर खर्चही पुष्कळ केला आणि तिच्यातून आनंदही पुष्कळ घेतला. गेल्या वर्षभरात तीन-चार ओळखीच्या लोकांनी, अशी गाडी घ्यावी का, असे विचारले, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. माझे मत असे की गाडी घेण्यासारखी आहे. मात्र घेताना मीटरवरच्या आकड्यापेक्षा तिच्या सर्व्हिस बिलांची फाइल अधिक बारकाईने वाचली पाहिजे. मी ती वाचली, पण पुरेशी गंभीरपणे घेतली नाही, आणि माझा पहिल्या वर्षीचा बहुतेक खर्च त्यातूनच उद्भवला.

गाडीची थोडी ओळख आवश्यक आहे. लिनिया प्रथम २००७ मध्ये तुर्कस्तानात आली आणि जानेवारी २००९ मध्ये भारतात. इथे ती पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यात तयार होत असे. २०१० मध्ये तिला १३६८ सीसीचे टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारे यंत्र) असलेले पेट्रोल इंजिन मिळाले, तीच टी-जेट. ११४ पीएसची ताकद आणि २२०० आरपीएमलाच मिळणारा २०७ एनएमचा टॉर्क (ओढण्याचा जोर), चारही चाकांना डिस्क ब्रेक, सोळा इंची चाके आणि पाच गिअर असा तिचा ऐवज आहे. याच घराण्याचे इंजिन युरोपात फियाट ब्राव्हो, अबार्थ ५०० आणि आल्फा रोमिओ मिटो या गाड्यांत बसवले गेले, आणि ही गोष्ट केवळ अभिमानाची नाही. सुटे भाग शोधताना ती फार उपयोगी पडते.

आकडे कागदावर कसेही दिसोत, या इंजिनाचा खरा अर्थ मला केज रस्त्यावर कळला. उसाचा हंगाम सुरू झाला की आमच्या भागात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस कारखान्यांकडे जात असतात. ट्रॉलीबाहेर ऊस लोंबत असतो, मागचे दिवे असतीलच असे नाही, आणि त्यांना ओलांडण्यासाठी समोरचा रस्ता मोकळा मिळतो तो मोजक्या सेकंदांसाठी. अशा वेळी तिसरा गिअर टाकून पाय दाबला की अर्ध्या क्षणाच्या विलंबानंतर गाडी पाठीमागून कुणी ढकलल्यासारखी पुढे जाते आणि ट्रॅक्टर चालकाचे तोंड दिसेपर्यंत आपण आपल्या बाजूला परत आलेलो असतो. जुन्या गाडीत हा विश्वास मिळणे मला फार मोलाचे वाटते. बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढताना वळणात गाडी जमीन धरून बसते. हायड्रॉलिक स्टिअरिंग जड आहे, पण चाकांखाली काय चालले आहे ते हाताला नेमके कळते. घरच्यांना ५०० लिटरची डिकी आवडते, आणि लग्नसराईत तिचे महत्त्व मलाही पटते.

आता खरेदीविषयी. मालकाला मी आदल्या दिवशीच विनंती केली होती की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नये. सकाळी सात वाजता पोहोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवून इंजिन थंड असल्याची खात्री केली आणि मगच चावी फिरवायला सांगितले. थंड इंजिन सुरू होताना येणारा आवाज, पहिल्या मिनिटात सायलेन्सरमधून निघणारा धूर आणि कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) टाकीतला रंग या तीन गोष्टी नंतर कुणालाही दाखवता येत नाहीत. निळसर धूर नव्हता, टाकीत तेलाचा तवंग नव्हता, क्लच जरा वर पकडत होता. मालकाने फाइल दिली. २०११ पासून २०१८ पर्यंतची सगळी बिले तारीखवार लावलेली होती आणि प्रत्येक बिलावरचे किलोमीटर पुढच्या बिलाशी जुळत होते, म्हणजे मीटर मागे फिरवलेले नव्हते. मात्र २०१८ नंतर फाइलमध्ये काहीच नव्हते. "त्यानंतर गाडी फारशी चाललीच नाही, सर," असे मालक म्हणाले, आणि ते खरेही होते. तीन वर्षांत गाडी जेमतेम सहा हजार किलोमीटर चालली होती. मला त्या वेळी हा गाडीचा गुण वाटला. भाव दोन लाख दहा हजारांवर ठरला.

संभाजीनगरला ज्या उस्तादांकडे मी गाडी नेली, ते पूर्वी अधिकृत वर्कशॉपमध्ये याच गाड्यांवर काम करत असत आणि आता स्वतःचे छोटे गॅरेज चालवतात. त्यांनी वरचे कव्हर काढून टायमिंग बेल्ट (इंजिनातील पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ राखणारा रबरी पट्टा) उतरवला आणि माझ्या हातात देण्याआधी तो उलट बाजूने वाकवून दाखवला. दात शाबूत होते, पण दातांच्या मुळाशी केसाएवढ्या चिरा पडल्या होत्या, एकाशेजारी एक, कोरड्या पडलेल्या काळ्या रानात दिसतात तशा. "सर, हा पट्टा किलोमीटरनं नाही गेला, वयानं गेलाय," एवढेच ते म्हणाले. या इंजिनात बेल्ट तुटला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात आणि हेडचे, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाचे, काम निघते, म्हणजे गाडीच्या निम्म्या किमतीचा खर्च. त्याच दिवशी बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर आणि याच बेल्टवर फिरणारा पाण्याचा पंप असा संपूर्ण संच बदलला. यातला एक भाग बदलून दुसरा जुना ठेवणे म्हणजे तेवढीच मजुरी दुसऱ्यांदा देण्याची तयारी करणे होय.

तीन वर्षे बहुतांशी उभ्या राहिलेल्या गाडीतले बाकीचे रबरही त्याच अवस्थेत होते. टर्बोकडून इंटरकूलरकडे (टर्बोतली तापलेली हवा गार करणाऱ्या भागाकडे) जाणारा होज पाइप क्लिपजवळ फाटला होता. चढाला दोन हजार आरपीएमच्या पुढे फुसकारल्यासारखा आवाज यायचा आणि गाडी ओढायची थांबायची. अनेकांना अशा वेळी टर्बोच गेला असे सांगितले जाते, म्हणून हे मुद्दाम लिहितो: आधी सगळे पाइप हाताने चाचपून, शक्य असल्यास हवेचा दाब देऊन तपासावेत. इंजिन फाउंडेशन (इंजिनाखालचे रबरी आधार) बसले होते, चाकांना धरणाऱ्या लोअर आर्मचे रबरी बुश फुटले होते, आणि टायरचे दात भरपूर दिसत असले तरी कडेवर कोरलेल्या चार अंकांवरून ते २०१४ च्या ३१ व्या आठवड्यात बनल्याचे समजले. उन्हाळ्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या तापलेल्या रस्त्यावर, आणि त्यातही समृद्धीसारख्या ताशी १२० किलोमीटरच्या महामार्गावर, असे टायर घेऊन जाणे हा जिवाशी खेळ आहे. चारही बदलले. पहिल्या वर्षाचा एकूण खर्च ९६,००० रुपये झाला.

एक प्रसंग मात्र मनाला फार लागला, कारण त्यात दोष गाडीचा नव्हता. प्रवासात एका तालुक्याच्या गावी हीटरचा पाइप गळू लागला, तेव्हा तिथल्या एका गॅरेजमध्ये पाइप बदलून घेतला. मी चहा घेऊन येईपर्यंत त्यांनी कूलंटऐवजी बोअरचे पाणी भरले आणि मला सांगितलेही नाही. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याचा क्षार किती असतो हे घरच्या भांड्यांवर आणि नळाच्या तोट्यांवर रोज दिसते. सहा महिन्यांनी, मे महिन्यात, घाटात तापमानाचा काटा मध्याच्या वर सरकू लागला. मी लगेच एसी बंद करून गाडी बाजूला घेतली आणि इंजिन निवेपर्यंत टाकीच्या झाकणाला हात लावला नाही, म्हणून हेड गॅस्केट वाचले. रेडिएटर उघडल्यावर आत पांढरा थर दिसला, कूलंटचा प्रवाह सोडणारी झडप, म्हणजे थर्मोस्टॅटही, अडकलेला होता. तेव्हापासून डिकीत तयार कूलंटचा डबा कायम असतो आणि गॅरेजमध्ये काम चालू असताना मी गाडीपासून हलत नाही. त्या कामगाराला कूलंट आणि पाण्यातला फरक कुणी शिकवलाच नसेल, हे मी समजू शकतो; परंतु ग्राहकाला न सांगता भरणे मला मान्य नाही.

नियमित देखभालीत सर्वांत महत्त्वाचे तेल आहे. या इंजिनात तेल मावते ते तीन लिटरच्या आसपास, आणि त्यातूनच टर्बोच्या अतिवेगाने फिरणाऱ्या बेअरिंगलाही वंगण मिळते. थोडेसे तेल, टर्बोची उष्णता आणि आमचा उन्हाळा हे लक्षात घेऊन मी ५डब्ल्यू-४० प्रतीचे पूर्ण सिंथेटिक तेल दर ७,५०० किलोमीटरला बदलतो आणि दर पंधरा दिवसांनी पट्टी काढून पातळी पाहतो. लांबचा पल्ला मारून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर चालू ठेवतो, म्हणजे तापलेल्या टर्बोत तेल जळून त्याचा कोळसा होत नाही. एअर फिल्टर आणि एसीचा कंडेन्सर दर पावसाळ्यानंतर साफ करणे इथे भागच आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत कंडेन्सरच्या जाळीत अडकलेल्या धुळीचा आणि तंतूंचा अक्षरशः नमदा निघतो, आणि तो काढला की एसी पूर्ववत गार होतो.

पेट्रोलमधील २० टक्के इथेनॉलचा प्रश्न जुन्या गाडीच्या बाबतीत टाळता येत नाही. ज्या भागातल्या उसावर आमच्या घरांचे अर्थकारण चालते, तिथे इथेनॉलला विरोध करण्याचा विचारही माझ्या मनात येत नाही. पण २०११ ची गाडी या मिश्रणासाठी बनवलेली नाही, हेही सत्य आहे. इंधनाचे रबरी पाइप मी इथेनॉल सहन करणाऱ्या प्रतीचे टाकून घेतले. इथेनॉल हवेतला ओलावा शोषते, म्हणून टाकीत थोडे पेट्रोल ठेवून गाडी महिनोन् महिने उभी ठेवत नाही. महामार्गावर पूर्वी पंधराच्या जवळ जाणारा ॲव्हरेज आता साडेतेरापर्यंत येतो, गावात दहा-अकरा.

सुट्या भागांची स्थिती संमिश्र आहे. फियाटने २०१९ च्या सुमारास भारतातील मोटारविक्री थांबवली, त्यामुळे शोरूममध्ये जाऊन भाग मागण्याचे दिवस संपले. सस्पेन्शन आणि ब्रेकचे पुष्कळ भाग फियाटच्याच पुंटो या गाडीशी जुळतात आणि ते पुण्यात, काही वेळा संभाजीनगरातही, मिळतात. इंजिनाचे भाग युरोपातील कंपन्या अजूनही बनवतात, कारण तिकडे या गाड्या रस्त्यावर आहेत. अडचण येते ती काचा, दिव्यांचे संच, बंपर आणि दारांच्या आतल्या प्लॅस्टिकची. माझा उजवा हेडलाइट एका दुचाकीच्या धक्क्याने फुटला, तेव्हा भंगारातल्या गाडीचा चांगला दिवा मिळेपर्यंत पाच आठवडे गेले. घरात ही एकच गाडी असेल, आणि रोज सकाळी नोकरीला तिनेच जायचे असेल, तर मी ती घेण्याचा सल्ला देणार नाही. जाणता मिस्त्री दीडशे किलोमीटरच्या आत नसेल, तरीही नाही.

कागदपत्रांकडे घेणारे कमी लक्ष देतात. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, म्हणजे २०११ च्या गाडीची मुदत यंदा संपते. नूतनीकरणाचे शुल्क २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले आहे, त्याखेरीज पर्यावरण कर भरावा लागतो आणि गाडीची प्रत्यक्ष तपासणी होते. कर्जावर घेतलेली गाडी असेल तर आरसीवरचा (नोंदणी प्रमाणपत्रावरचा) बँकेचा बोजा उतरला आहे की नाही, ते पैसे देण्याआधी पाहावे.

१,८०,००० ला टायमिंगचा संच दुसऱ्यांदा बदलून झाला आहे आणि या वेळी उतरवलेल्या बेल्टवर एकही चीर नव्हती. क्लच अजून पहिलाच असून आता चौथ्या गिअरमध्ये चढाला किंचित घसरतो; प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग मागवून ठेवले आहे. जुलैत माझ्या गाडीची मुदत संपण्यापूर्वी ते काम आणि फुटलेल्या एका फॉग लॅम्पचे काम उरकून ती तपासणीला नेणार आहे.