सात महिने, बारा सकाळचे खेळ आणि तुकोबांचं कापलेलं मुंडासं

आमच्या नव्याने सजवलेल्या जुन्या थेटराकडून, कापलेल्या चित्राच्या तक्रारीपोटी, पंचवीस रुपये परत मिळाले. रोख नाही, वडा-चहाच्या कुपनात, पण मिळाले. म्हणून आता शांत डोक्याने लिहायला बसलोय. थेटराचं नाव देत नाही, कारण भांडण मिटलंय.

खुर्च्या, एसी, स्वच्छतागृह यांचं कौतुक सगळ्यांनी करून झालंय आणि ते खरं आहे. बाल्कनीचा जुना लाकडी कठडा न बदलता नुसता घासून पॉलिश केला, हे फार बरं केलं. खाली खांबामागच्या दोन खुर्च्या टाळा. एवढं पुरे.

रविवारी सकाळी साडेनऊला जुना सिनेमा. तिकीट 150, बारा खेळांचा पास 1500. म्हणजे माणशी 300 वाचतात. मी दोन पास घेतले, एक माझा आणि एक आत्याचा. आत्या शहाऐंशी वर्षांची. याच थेटरात ती लहानपणी सगळ्यात पुढच्या बाकांवर बसून सिनेमे बघायची. ज्येष्ठांना सवलत नाही. विचारून पाहिलं.

दुसऱ्याच रविवारी ‘संत तुकाराम’. 1936 चा, दिग्दर्शन दामले-फत्तेलालांचं. तुकोबा झालेले विष्णुपंत पागनीस पडद्यावर आले आणि मला काहीतरी खटकलं. मुंडासं अर्धंच दिसत होतं. जिजाई बसली की पदर दिसायचा, पाय नाहीत. मान वर करून पाहिलं, तर पडद्याच्या वरच्या काळ्या पट्टीवर पुसटसा उजेड हलत होता. तुकोबांचं डोकं तिकडे मखमलीवर कीर्तन करत होतं! शेवटी विमान निघालं आणि वैकुंठाच्या बरंच अलीकडे काळ्या कापडात गुडूप झालं. आत्या म्हणाली, “पूर्वी पूर्ण वर जायचे रे ते.”

मध्यंतरात दारावरच्या पोराला सांगितलं होतं. तो म्हणाला, “काका, जुना पिक्चर आहे, असाच असतो.” म्हणजे हा सिनेमा काढणाऱ्या प्रभात कंपनीला माणसाचं डोकं चौकटीत बसवता येत नव्हतं म्हणायचं! ज्या सिनेमाचा 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला, त्याची ही गत. बाकी पब्लिक मात्र खूश, कारण चित्र मोठं दिसत होतं.

पुढच्या दोन खेळांना मी सिनेमा कमी आणि वरची पट्टी जास्त बघितली. जुन्या प्रिंटमध्ये रीळ संपत आलं की उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर ठिपका चमकतो, दुसरं मशीन सुरू करायची ऑपरेटरला खूण. बाकी ओरखडे सगळे दिसत होते, ठिपका एकदाही नाही. कोपराच गायब, तर ठिपका कुठून दिसणार? हे सगळं लेखी दिलं. व्यवस्थापकांचं उत्तर आलं, “फाइल तशीच आलेली आहे.” त्या रात्री मी इथे परीक्षणात थेटराला एक तारा द्यायच्या तयारीत होतो.

तिसऱ्या महिन्यात मत बदललं, ते ऑपरेटरकाकांमुळे. माझी पत्रं बहुतेक तेच वाचत होते. एका रविवारी त्यांनी बूथमध्ये बोलावलं. कोपऱ्यात 35 मिलिमीटरची दोन जुनी मशिनं होती, कापडाखाली. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटं चालायचं, की लगेच दुसरं मशीन. उजेडासाठी कार्बनच्या कांड्या जळायच्या, त्यांच्यावर सतत नजर ठेवायची. “तेव्हा पिक्चर मी चालवायचो, आता कॉम्प्युटर चालवतो,” ते म्हणाले. जाहिराती आणि सिनेमा कोणत्या क्रमाने लावायचे, त्याची यादी आदल्या दिवशी कॉम्प्युटरात भरून ठेवतात. जाहिराती ‘स्कोप’मध्ये, म्हणजे रुंद. जुने सिनेमे जवळजवळ चौकोनी, त्यांची फाइल ‘फ्लॅट’ची. जाहिराती संपल्यावर स्कोपवरून फ्लॅटवर यायची सूचना यादीत कुणी घातलीच नव्हती. स्कोपची उंची 858 पिक्सेल, फ्लॅटची 1080. मशीन स्कोपवरच राहिलं, म्हणजे सिनेमाचा पाचवा हिस्सा पडद्याबाहेर, अर्धा वर, अर्धा खाली. काकांनी माझ्यासमोर एक ओळ भरली. संपलं. तीन महिन्यांचा पत्रव्यवहार एका ओळीत मिटला!

त्यानंतरचा ‘कुंकू’ विसरणार नाही. आधी दोन्ही बाजूंचे काळे पडदे मोटरवर कुंईकुंई करत आत सरकले आणि चौकट बरोब्बर बसली. त्या आवाजाचेच मी शंभर रुपये देईन. या सिनेमात पार्श्वसंगीत नाही. घरातले, रस्त्यावरचे आवाज तेवढे. त्यामुळे सभागृहात कुणी वेफर्सचं पाकीट फोडलं की तेही नायिका नीराच्या घरातच फुटल्यासारखं वाटतं. नीरा झालेल्या शांता आपटेंचा चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत पूर्ण होता. आत्या अख्ख्या सिनेमाभर बोलली नाही, हे आमच्या घरात कुणी मानत नाहीये.

खेळाआधी इतिहासावर वीस मिनिटं बोलतात. व्हरांड्यात फोटोही आहेत. एकदा भारतातला पहिला सिनेमा तोरण्यांचा ‘पुंडलिक’ की फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’, यावर मागच्या रांगेत अशी जुंपली की खेळ पंधरा मिनिटं उशिरा सुरू झाला. 1912 आणि 1913, दोन्ही मुंबईत एकाच कोरोनेशन थेटरात लागले होते, तेव्हा थेटराची बाजू तरी बरोबरीत सुटली. 2003 च्या जानेवारीत पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या कोठाराला आग लागून जुन्या सिनेमांची, पटकन पेट घेणारी नायट्रेटची रिळं जळाली, तेही एका रविवारी सांगितलं. ऐकताना मला परत राग आला. आधीच उरलंय थोडं, आणि त्यातलाही पाचवा हिस्सा आपण कापडावर पाडतो.

पैशांचा हिशेब: पासात एक खेळ 125 ला पडतो, त्याचा पाचवा हिस्सा 25. तीन खेळांचे 75 मागितले. दोन खेळांचा पुरावा नाही म्हणे. आत्याच्या पासाचा विषयच काढू दिला नाही.

पाचव्या महिन्यात काका गावाला गेले आणि परत मुंडी छाटली. तेव्हा चार तारे, पण काका असतील तर. पास घेण्याआधी ते कामावर आहेत का, एवढं खिडकीवर विचारा.

पुढच्या महिन्यात परत तुकाराम लागतोय. नवा पास काढलाय, दोघांचा. आत्याला खुर्चीत बसवून मी आधी वर बूथमध्ये जाऊन यादी बघून येणार आहे.