विक्का: कव्हनमध्ये जावं की एकट्याने सुरुवात करावी?

विक्का हा विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये उभा राहिलेला, निसर्ग आणि जादू मानणारा धर्म, आणि कव्हन म्हणजे एकत्र विधी करणारा त्यातला छोटा गट. आठ सण, देव-देवी, विधीसाठी वर्तुळ आखणं हे तुम्ही वाचलेलं असेलच, आणि ते दोन्हीकडे थोड्याफार फरकाने सारखंच आहे. खरा फरक पडतो तो योग्य-अयोग्य कोणी ठरवायचं, या प्रश्नावर.

कव्हनची बाजू लंगडी नाही. जेराल्ड गार्डनरपासून चालत आलेल्या गार्डनेरियन परंपरेत दीक्षेच्या तीन पायऱ्या असतात, 'बुक ऑफ शॅडोज' हे विधींचं पुस्तक हाताने उतरवून घ्यावं लागतं, विधीला शिस्त असते. इंग्लंडमध्ये मी काही काळ एका कव्हनबरोबर होतो. पौर्णिमेच्या रात्री सगळे एका सुरात देवीचं आवाहन करायचे, तेव्हा अंगावर जो काटा यायचा, तो घरी एकट्याने करताना क्वचितच येतो. श्रद्धेची सक्ती तिथेही नव्हती. माझ्या डावीकडची बाई देवीला साक्षात मानायची, उजवीकडचा गृहस्थ तिला मनातलीच एक शक्ती समजायचा, आणि विधी मात्र दोघंही चोख करायचे. आचार सामाईक, विश्वास ज्याचा त्याचा.

मला खटकलं ते वेगळंच. एका आजारी माणसासाठी विधी करायचं ठरलं होतं. त्याला विचारलंय का, असं मी विचारलं. 'कुणाला इजा होत नसेल, तर हवं ते कर' हे वचन बहुतेक विक्कन मानतात. पण न विचारता कुणासाठी, अगदी त्याच्या भल्यासाठी, काही करणं त्यात बसतं का, यावर मतभेद आहेत. मला उत्तर मिळालं, "दुसऱ्या पायरीवर कळेल." विधीचे तपशील शपथेखाली ठेवायला माझी मुळीच हरकत नाही. पण आज रात्री मी ज्यात हात घालणार, ते योग्य की अयोग्य हे पायरी चढल्यावर का कळावं? असं वरचेवर होत गेलं आणि माझं मन तिथून उडालं.

हे दुखणं जुनं आहे. 1957 मध्ये गार्डनरच्याच कव्हनमधली पुजारीण डोरीन व्हॅलिएंटे आणि इतरांनी त्याच्या प्रसिद्धीला आवर घालणारे नियम सुचवले, तेव्हा त्याने 'प्राचीन कायदे' पुढे केले. त्यांत मुख्य पुजारिणीने तरुण बाईसाठी जागा सोडावी असंही कलम होतं! व्हॅलिएंटेने तोवर कव्हनच्या विधींचा बराच भाग स्वतः लिहिला होता, आणि हे कायदे तिने कधी पाहिलेच नव्हते. ती बाहेर पडली. मला तिचं पटतं.

एकट्याने चालणाऱ्यांना स्कॉट कनिंगहॅमच्या 1988 च्या पुस्तकाने मोठा आधार दिला. त्याआधी 1974 मध्ये मिनियापोलिसला जमलेल्या अमेरिकन विचेसच्या (विक्का किंवा तशाच वाटेवरच्या लोकांच्या) परिषदेने 13 तत्त्वं मांडली: हुकूमशाही उतरंड मानायची नाही, पण शिकवणाऱ्यांचा मान राखायचा. ती परिषद टिकली नाही, तत्त्वं मात्र आजही अनेकांना जवळची वाटतात. मलाही.

अर्थात एकट्याला अडवणारं कुणी नसतं, आणि 'इजा' या शब्दाला सोयीचा अर्थ लावणं फार सोपं. म्हणून मी पब मूटला, म्हणजे अशा लोकांच्या पबमधल्या अनौपचारिक बैठकीला जातो, तिथे चार जाणती माणसं तोंडावर बोलतात. तुमचा स्वभाव समूहात रमणारा असेल, तर कव्हन जरूर पाहा. फक्त दीक्षेआधी परवानगीचा हा प्रश्न तिथे विचारा, आणि उत्तर त्याच दिवशी मिळतं का ते बघा.