जांबोटीच्या होमस्टेतला गरम पाण्याचा पंप

जांबोटीला डिसेंबरात पहाटे नळाखाली हात धरवत नाही. आमच्या सहा खोल्यांना गच्चीवरच्या ५०० लिटर सोलारचं पाणी जातं, पण शेवटच्या खोलीत गरम पाणी येईपर्यंत दीड बादली गार पाणी वाया जायचं. म्हणून रिटर्न लाइन, म्हणजे पाणी परत टाकीकडे नेणारा पाइप, टाकून पाणी फिरतं ठेवणारा पंप बसवला. पहिला तीन स्पीडचा, बिडाचा, स्वस्तातला. दीड वर्षात बादलीत तांबूस पाणी यायला लागलं. पाहुण्यांचे पांढरे टॉवेल पिवळट पडले तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोष बिडाचाही नाही. युरोपात असे पंप घर उबदार ठेवणाऱ्या बंद लाइनीत चालतात. तिथं तेच ते पाणी फिरतं, त्यातला ऑक्सिजन संपला की गंज जवळजवळ थांबतो. आपल्याकडे अंघोळीचं पाणी रोज नवं, त्यामुळे गंजही रोज नवा. या कामाला स्टेनलेस स्टीलची किंवा ब्राँझची बॉडी हवी.

मग ग्रुंडफोस कंपनीचा अल्फा२, २५-६० एन हा पंप घेतला. ६० म्हणजे जास्तीत जास्त ६ मीटर हेड (पाणी जेवढं उंच ढकलता येईल ती ताकद), एन म्हणजे स्टेनलेस. दुकानदार म्हणाले, "वहिनी, तीन मजले आहेत, मोठा घ्या." मी ऐकलं नाही, आणि बरंच झालं. गोल फिरणाऱ्या लाइनीत जेवढं पाणी वर चढतं तेवढंच खाली उतरतं. पंपाला उंची चढवायची नसते, पाइपातलं घर्षण तेवढं मोडायचं असतं.

किती वॅट चाललेत ते पंपाच्या तोंडावरच दिसतं. सगळ्यात खालच्या स्पीडवर आमचा ८ दाखवतो. जुन्याच्या प्लेटवर ९० होते. चोवीस तास चालवला तर महिन्याला ६५ युनिटच्या जागी ६. किंमत जुन्याच्या तिप्पट पडली, तरी मला ती पटते.

बसवताना मात्र उभं राहून बघा. आमच्या मिस्त्रीनं मोटर उभी लावली होती, आठवडाभर घरघर. मोटरचा दांडा आडवाच हवा, कारण आतल्या बेअरिंगला पाण्याचंच वंगण असतं आणि उभ्या मोटरीत वर हवा साठते. आडवी केली, हवा निघाली, आवाज गेला.

टायमर वेगळा घ्या. दिवसभर पाणी फिरलं तर टाकीची ऊब पाइपातूनच उडून जाते. आमचा पहाटे ५ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ चालतो. शेवटच्या खोलीत आता तांब्याभर पाणी सोडलं की वाफ दिसते.