स्पीड रीडिंग की स्किमिंग? वेळ कमी आणि मजकूर जास्त असेल तर काय निवडावं

दोन्हींत पानं भराभर उलटतात, त्यामुळे बघणाऱ्याला फरक कळत नाही. फरक दाव्यात आहे. स्पीड रीडिंगचा दावा असा की सगळा मजकूर वाचू, फक्त तिप्पट-चौपट वेगाने, आणि समजण्यात काही उणं राहणार नाही. स्किमिंग म्हणजे मजकूर चाळणं. त्यात बराचसा भाग सुटणार हे आधीच मान्य असतं, पण काय सोडायचं ते आपण ठरवतो. म्हणून निवड करण्याआधी पहिला दावा कितपत टिकतो ते बघू.

वाचताना डोळा ओळीवरून सरकत नाही, उड्या मारत जातो. एकेक थांबा साधारण 200 ते 250 मिलिसेकंदांचा, मधली उडी 20 ते 35 मिलिसेकंदांची, आणि उडी चालू असताना नवं काही टिपलं जात नाही. म्हणजे मिनिटाला जेमतेम 240 थांबे. त्यात बारीक अक्षरं स्वच्छ दिसतात ती नजरेच्या मधोमध, दोनेक अंशांच्या टापूत. छोटे, सहज ओळखू येणारे शब्द डोळा न थांबता ओलांडतो, पण एका नजरेत अख्खी ओळ वाचणं शक्य नाही. मानसशास्त्रज्ञ मार्क ब्रिसबार्ट यांनी 2019 मध्ये 190 अभ्यास एकत्र करून इंग्रजी माहितीपर मजकुराचा सरासरी मूक वाचनवेग काढला, तो मिनिटाला 238 शब्द भरला. (मराठीसाठी हाच आकडा धरू नका. आपल्याकडे प्रत्यय शब्दालाच चिकटतात, तेवढाच आशय कमी शब्दांत मावतो.)

स्पीड रीडिंगच्या वर्गांत मुख्यतः तीन गोष्टी शिकवतात. पहिली, ओळीखालून बोट किंवा पेन्सिल फिरवणं. याने लक्ष भरकटत नाही, तेवढा फायदा खरा. दुसरी, मनातल्या मनात शब्द उच्चारणं बंद करणं. सोप्या मजकुरात ते खपून जातं, पण वाक्य गुंतागुंतीचं झालं की अर्थ जुळवायला तोच आतला आवाज लागतो, आणि तो दाबला की समज घसरते. तिसरी, पडद्यावर एकाच जागी एकामागून एक शब्द दाखवणारी अ‍ॅप्स. यात डोळ्याला उड्या माराव्या लागत नाहीत, पण मागे वळायची सोय जाते. एरवी दहा-पंधरा टक्के उड्या मागे जाणाऱ्या असतात, आणि त्यातल्या बऱ्याच, समजलं नाही म्हणूनच मारलेल्या असतात.

स्पीड रीडिंग आणि स्किमिंग यांची थेट तुलनाही झालेली आहे. 1980 च्या दशकात मार्सेल जस्ट, पॅट्रिशिया कार्पेंटर आणि मायकेल मॅसन या मानसशास्त्रज्ञांनी स्पीड रीडिंग शिकलेले, नुसते चाळणारे आणि नेहमीच्या वेगाने वाचणारे असे तीन गट तपासले. शिकलेल्यांचा वेग मिनिटाला 700 शब्दांच्या आसपास, चाळणाऱ्यांचा 600 च्या. सोप्या मजकुराचा सारांश सांगण्यात शिकलेले चाळणाऱ्यांपेक्षा थोडे पुढे होते. तपशील विचारले, किंवा मजकूर अवघड दिला, की ती आघाडी संपली. नेहमीच्या वेगाने वाचणारे दोघांच्याही पुढे. थोडक्यात, या वेगाला स्पीड रीडिंग हेही चाळणंच आहे, फक्त काय सुटलं याचा हिशोब वाचणाऱ्याकडे नसतो. आमचा कौल त्यामुळे उघडच स्किमिंगकडे आहे, पण नीट केलेल्या स्किमिंगकडे.

नीट म्हणजे कसं? समजा 5,000 शब्दांचा अहवाल आहे. नेहमीच्या वेगाने वीस-एकवीस मिनिटं तरी लागतील, आणि हातात आहेत दहा. आधी एका वाक्यात प्रश्न लिहा: यातून मला काय हवंय? मग दोन मिनिटं शीर्षकं, सारांश, तक्ते, आकृत्यांखालच्या ओळी आणि शेवटचा भाग. पुढची तीन मिनिटं प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य. ते नुसतीच प्रस्तावना असेल तर शेवटचं. ‘मात्र’, ‘तरीही’, ‘म्हणून’, ‘अपवाद’ असे शब्द आणि आकडे दिसले की थांबायचं, कारण मुद्दा वळतो तो तिथेच. कामाचं वाटेल तिथे खुणा करत चला. उरलेली पाच मिनिटं फक्त खुणा केलेले परिच्छेद, नेहमीच्या वेगाने. ही शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मग चाळलेल्यालाच वाचलेलं समजतात.

मराठी मजकुरात आणखी एक खाचखळगा आहे. क्रियापद आणि नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘या उपायाने खर्च निम्म्यावर येतो’ एवढ्यावर नजर पुढे गेली आणि वाक्य ‘असे म्हणण्यास आधार नाही’ असं संपलं, तर हाती नेमका उलटा अर्थ लागतो. तेव्हा चाळताना वाक्याची सुरुवात आणि शेवट, दोन्ही बघा. पडद्यावर हे जास्त जपायला हवं: तिथे नजर वरच्या एक-दोन ओळी पुरत्या वाचते आणि मग डाव्या कडेनेच खाली घसरते.

आता निवड. दहा लेखांतले कुठले दोन वाचायचे हे ठरवायचंय, परीक्षेआधी परिचित धडा उजळायचाय, बैठकीआधी अहवालाचा सूर हवाय: चाळा. करार, औषधाच्या सूचना, गणिती सिद्धता, कविता: दोन्ही नकोत. सलग वाचताना मन सारखं भरकटतं, एवढीच अडचण असेल तर स्पीड रीडिंगमधलं फक्त बोट फिरवणं उचला. आणि नेहमीचाच वेग वाढवायचा असेल तर त्या विषयातलं भरपूर वाचन आणि शब्दसंपत्ती याला पर्याय नाही. ओळखीच्या शब्दावर डोळा कमी वेळ थांबतो.

तरीही एखादा कोर्स करावासा वाटला, तर पैसे भरण्याआधी स्वतःची चाचणी घ्या. 1,000 शब्दांचा अनोळखी लेख घेऊन कुणाला तरी त्यावर दहा प्रश्न काढायला सांगा, पाच आशयाचे, पाच तपशिलाचे. लेख घड्याळ लावून वाचा आणि न बघता उत्तरं लिहा. मग तेच प्रश्न, लेख अजिबात न वाचलेल्या माणसाला द्या. त्याचे सहा बरोबर आले आणि तुमचे सात, तर तुमच्या वाचनाची कमाई एका प्रश्नाची. कोर्सच्या जाहिरातीतला समजण्याचा टक्का असाच पारखायचा: न वाचणाऱ्याला किती मिळाले, हे आधी विचारा.