जंताची गोळी आणून द्यावी, की आधी तपासणी?

वहिनीचा रात्री फोन आला. पाच वर्षांची छकुली झोपेत दात खाते, शीची जागा खाजवते. "दुकानातून गोळी आणू का गं, की डॉक्टरांकडे नेऊ?"

खर्चात गोळी स्वस्त, तपासणी महाग. त्यात वाद नाही.

नेमकेपणाचं तसं नाही. जंताच्या गोळीतलं अल्बेंडाझोल हे औषध गोल जंतांवर चालतं, जिआर्डिया या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीला सहसा वेगळं औषध लागतं. नुसतं दात खाणं म्हणजे जंत नव्हेत. पण तपासणीही चुकते. सुतकृमी म्हणजे सुतासारखे बारीक पांढरे जंत. त्यांची मादी रात्री गुदद्वाराच्या कडेला अंडी घालते, म्हणून ती शौचाच्या नमुन्यात बहुधा सापडतच नाहीत. सकाळी धुण्याआधी तिथे पारदर्शक चिकटपट्टी दाबून ती काचपट्टीवर न्यावी लागते. सुतकृमी निघाले तर घरातल्या सगळ्यांना औषध आणि दोन आठवड्यांनी दुसरा डोस.

मला खरी भीती धोक्याची वाटते. मेंदूत फीतकृमीच्या, म्हणजे फितीसारख्या चपट्या जंताच्या, गाठी असतील, तर याच गोळीने सूज वाढून झटके येऊ शकतात.

धडधाकट मुलाचा नेहमीचा डोस असेल, तर 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्टच्या सरकारी जंतनाशक मोहिमेत अंगणवाडीत किंवा शाळेत गोळी फुकट मिळते, ती पुरे. गरोदर बाई, फिट येणारा माणूस, शौचात रक्त, ताप किंवा घटतं वजन असेल, तर आधी डॉक्टर. छकुलीसाठी वहिनीला चिकटपट्टी घेऊन डॉक्टरांकडेच जायला सांगितलं.