स्तनाची गाठ किती आक्रमक? बायोप्सी आणि एमआर स्पेक्ट्रोस्कोपी

गाठ कर्करोगाची आहे हे कळल्यावर लगेच दुसरा प्रश्न येतो: ती किती वेगाने वाढेल? बायोप्सीत सुईने गाठीचे बारीक तुकडे काढतात. पेशींची ग्रेड (१ ते ३; आकडा जितका मोठा तितकी गाठ आक्रमक), ईआर आणि पीआर (पेशी हार्मोनला प्रतिसाद देतात का), हर-टू (पेशींना वाढायला लावणारं प्रथिन), की-६७ (पेशी किती झपाट्याने विभागतात) हे सगळं त्यातून कळतं. हार्मोनचा परिणाम रोखणारी गोळी द्यायची की हर-टूवरचं औषध ट्रास्टुझुमॅब, हे याच अहवालावर ठरतं. मात्र सुई जिथे टोचली तिथलंच कळतं, आणि गाठ सगळीकडे सारखी नसते.

स्पेक्ट्रोस्कोपीत सुई नाही. एमआरआयच्याच मशीनवर गाठीतल्या रसायनांचा आलेख मिळतो. झपाट्याने वाढणाऱ्या पेशी सतत नवी पेशीपटलं बांधत असतात, म्हणून आलेखावर ३.२ पीपीएमजवळ (पीपीएम हे आलेखावरच्या जागेचं माप) कोलिनचं, म्हणजे पेशीपटलं बांधायला लागणाऱ्या रसायनाचं, शिखर उंचावतं. केमोथेरपी लागू पडली, की गाठ आकाराने आटण्याआधीच हे शिखर खाली येऊ शकतं. या तपासणीचं खरं मोल मला इथेच वाटतं. पुन्हा पुन्हा सुई टोचून हे पाहणं बाईला किती जड जाईल! पण गाठ सेंटिमीटरहून लहान असेल तर संकेत फार क्षीण मिळतो, भोवतालची चरबी त्यात गोंधळ घालते, आणि अंगावर पाजणाऱ्या आईच्या निरोगी स्तनातही कोलिन दिसू शकतं. म्हणून आलेख चांगला आला तरी डॉक्टरांनी सांगितलेली बायोप्सी टाळू नका.