गुडघ्यांचा शेक: विजेचा पॅड, मिठाची पुरचुंडी आणि मधले साडेसात महिने

मृग लागायच्या जरा आधी, जूनच्या पहिल्या आठवड्यात, मुलानं पुण्याहून विजेवरचा शेकायचा पॅड मागवून दिला. आता संक्रांत होऊन आठवडा झाला. इतके दिवस तो रोज वापरला, म्हणून लिहितेय. घ्यावा की नको, असा विचार करणाऱ्या माझ्या वयाच्या बायकांना यातलं काही उपयोगी पडेल.

आमचं घर बेळगावातल्या वडगावला. पूर्वी घरात दोन माग होते आणि मी तीस वर्षं कांड्या भरल्या, म्हणजे मागासाठी सूत गुंडाळून दिलं. डावा पाय मोडून जमिनीवर बसायचं आणि दिवसभर राहाट फिरवायचा. डावाच गुडघा आधी गेला, मग उजवा. बेळगावच्या पावसात तर विचारू नका. आमचं गाव साडेसातशे मीटर उंचीवर, आर्द्रा लागली की दिवसचे दिवस रिपरिप आणि बोचरा वारा. सकाळी खाटेवरून पाय खाली सोडला की गुडघा लाकडासारखा. दहा-पंधरा मिनिटं भिंत धरून चालायचं, मग कुठं तो ऐकायला लागायचा.

एक्स-रे बघून डॉक्टरांनी सांगितलं की हाडांमधली फट कमी झालीय, कुर्चा, म्हणजे हाडांमधली गादी, झिजलीय. मी विचारलं, शेकून बरं होईल का? ते म्हणाले, झीज शेकानं भरून येत नाही. शेकानं भोवतीचे स्नायू सैल होतात, रक्त खेळतं, दुखणं थोडा वेळ कमी होतं, आणि तेवढ्या वेळात पाय हलवून घ्यायचा. हे शेवटचं वाक्य मी तेव्हा नीट ऐकलंच नाही. दोन महिने नुसतं शेकत बसले.

आता पॅडबद्दल. दीड हात लांब, मऊ कव्हर, बांधायला दोन पट्टे, वायरीवर तीन पायऱ्यांचं बटण. तापायला चार-पाच मिनिटं लागतात. पट्टे मांडीला पुरतात, पण जाड पायाला कमी पडतील. मी जुन्या सुती साडीची पट्टी शिवून ते वाढवून घेतले. मागे ६० वॉट लिहिलंय. सकाळी वीस मिनिटं आणि रात्री वीस मिनिटं धरली तरी महिन्याला सव्वा युनिटाच्या आतच वीज जाते, म्हणजे बिलाची काळजी नको. कव्हर निघतं, धुता येतं. पाच महिन्यांनी बटणापाशी वायर सैल झाली, हलवली की लाल दिवा विझायचा. विकणाऱ्यानं काही दाद दिली नाही, शेवटी गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनकडून बदलून घेतली. तुम्ही घेताना वायर बटणात शिरते ती जागा आधी बघा, आणि वायर गुंडाळून ठेवू नका, सैल लोंबती ठेवा.

सगळ्यात मोठी उणीव म्हणजे माझा पॅड आपोआप बंद होत नाही. दोनशे-तीनशे रुपये जास्त पडले तरी ठरावीक वेळानं स्वतः बंद होणाराच घ्या, हे मी हात जोडून सांगते. ऑक्टोबरमध्ये रात्री पॅड बांधूनच मला झोप लागायला लागली. बटण मधल्या पायरीवर असायचं, भाजतंय असं कधी वाटलं नाही. दिवाळीच्या अभ्यंगाला नात तेल लावत होती, ती म्हणाली, "आज्जी, तुझ्या पायावर जाळं कसलं?" बघते तर गुडघ्याच्या वरच्या कातडीवर तपकिरी रेघांची जाळी, मासे धरायच्या जाळ्यासारखी, डोळ्यांडोळ्यांची. खाजत नव्हती, दुखत नव्हती. कातडीच्या डॉक्टरांनी विचारलं, रोज एकाच जागी शेकता का? थोडा थोडा ताप महिनोन्महिने लागला की कातडीखाली असे डाग उठतात म्हणे. शेक कमी केला तर हळूहळू फिकट होतात, नाहीतर कायमचे राहतात. आता जाळी बरीच पुसट झालीय, पण उन्हात अजून दिसते. तेव्हापासून मोबाईलवर वीस मिनिटांचा गजर लावल्याशिवाय मी बटण दाबत नाही. पॅडखाली एक पदर कापड घालते, खालचीच पायरी ठेवते. आणि बाम चोळून वर पॅड कधीच नाही. दोन्हींचा ताप एकत्र झाला की फोड येतो.

आमच्या थोरल्या दिरांनी पॅड मागितला, त्यांना मी दिला नाही. राग आला तर येऊ दे. त्यांना पंधरा वर्षं साखर आहे, तळव्याला चप्पल निसटलेली कळत नाही. ज्याला ताप कळत नाही त्याच्या पायाला विजेचा शेक म्हणजे भाजून घेणंच. त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच लावू नये.

दुसरी चूक गौरी-गणपतीत झाली. चार दिवस घरभर पाहुणे, मोदकांची उकड, पुरण, खाली बसणं-उठणं. पाचव्या दिवशी उजवा गुडघा टम्म सुजला, हात लावला तर गरम. मी नेहमीसारखा पॅड बांधला, आणि रात्री ठणक इतकी वाढली की चादर लागलेली सोसेना. सकाळी मुलानं दवाखान्यात नेलं. तिथं कळलं की सुजलेल्या, गरम झालेल्या सांध्याला शेकायचं नसतं. तिथं बर्फ, तोही पंच्यात गुंडाळून, दहा-पंधरा मिनिटं. तीन दिवसांत सूज उतरली. सोपी खूण मी स्वतःसाठी ठरवलीय. सकाळी आधी हाताची पाठ गुडघ्यावर ठेवायची. गुडघा आखडलेला पण गार असेल तर शेक, तापलेला असेल तर थंड. आणि सूज-गरमीबरोबर अंगात तापही भरला तर घरचे उपाय बाजूला ठेवून सरळ दवाखाना.

लाईट जाते तेव्हा पॅड काय कामाचा? श्रावणात एकदा संध्याकाळी लाईट गेली ती सकाळी आली. माझी जाऊ म्हणाली, "अगं, त्या वायरीची वाट बघत काय बसूलीस? मीठ भाज की." जाडं मीठ दोन ओंजळी लोखंडी तव्यावर कोरडं परतायचं, तडतडायला लागलं की जाड सुती फडक्यात पुरचुंडी बांधायची, आधी मनगटावर टेकवून बघायची. शेजारच्या कन्नड घरातल्या अक्का याला उप्पिन शाखा म्हणतात, त्यांच्याकडेही हेच. पुरचुंडीचा ताप कोरडा, गुडघ्याच्या वाटीभोवती नेमका फिरवता येतो, आणि आपोआप निवत जातो, म्हणून भाजायची भीती पॅडपेक्षा कमी. दहा मिनिटांत गार होते एवढंच. रबरी पिशवीही आहे घरात. ती दोन तृतीयांशच भरायची, उकळतं पाणी ओतायचं नाही, बूच लावायच्या आधी दाबून हवा काढायची. रबर कडक होऊन भेगाळलेलं दिसलं की फेकून द्यायची. माझी तशीच एक होती, ती टाकून दिली.

जांबोटीला माझी वहिनी राहते. ओढ्याकाठी निर्गुंडी माजलेली असते तिथं, ती येताना पाल्याची मोळी आणते. पाला वाफवून कापडातून बांधला की बरं वाटतं, वासानं खोली भरून जाते. तो पाल्याचा गुण की नुसत्या वाफेचा, हे मला सांगता यायचं नाही. वहिनी मात्र शपथेवर सांगते, आणि तिच्या हातचा पाला मी कधी नाकारत नाही.

खरा फरक ऑगस्टच्या शेवटी पडायला लागला, पॅड तोच असून. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी विचारलं, शेकून झाल्यावर काय करता? मी म्हणाले, चहा. त्या म्हणाल्या, पाय सैल झालाय ती वीस मिनिटं चहात घालवू नका. तेव्हापासून शेक उतरला की खाटेवर बसून गुडघ्याखाली टॉवेलची वळकटी ठेवते आणि गुडघा खाली दाबते, मांडी घट्ट होते तोवर दहा मोजते, सोडते. दोन्ही पायांना दहा-दहा वेळा. मग खुर्चीवर बसून पाय सरळ करून धरायचा. पहिल्या आठवड्यात मांडी थरथरायची, पाचापुढं मोजता यायचं नाही. गौरी-गणपतीनंतरचे दिवस सोडले तर खंड नाही. दसऱ्यापर्यंत दहा जमायला लागले. मांडीचा स्नायू घट्ट झाला की गुडघ्यावरचा भार तो उचलतो, हे आता मला जिन्यावर कळतं. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, आणि काठी दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात. हेही त्यांनीच शिकवलं. मी इतकी वर्षं काठी दुखऱ्या बाजूलाच धरत होते.

तीन किलो वजनही उतरलं. एक किलो उतरलं की चालताना गुडघ्यावरचा भार चार किलोंनी कमी होतो म्हणतात. मला ते शनिवारच्या बाजारात जाणवतं. पूर्वी मेथी-वांगी घेऊन अर्ध्या वाटेत कट्टा शोधायचे.

गोळ्यांबद्दल एकच सांगते. मेडिकलमधून विचारून आणलेली दुखण्याची गोळी मी वर्षभर घेत होते, बीपी असूनही. रक्त तपासल्यावर डॉक्टरांनी ती बंद केली, अशा गोळ्यांनी बीपी चढतं आणि मूत्रपिंडावर ताण येतो म्हणून. आता गुडघ्याला लावायचं जेल आहे, तेही शेकाच्या वेळी नाही.

जावेच्या बोटांचं दुखणं मात्र वेगळं निघालं. तिची बोटं सकाळी तास-दीड तास वळत नव्हती, दोन्ही हातांची मधली पेरं सुजलेली. माझ्यासारखंच असेल म्हणून तीन महिने आम्ही मिठानं शेकत राहिलो, याचं मला अजून वाईट वाटतं. तो आमवात होता, झीज नव्हे. त्याला लवकर औषध लागतं, नाहीतर सांधे वाकडे होतात. आता तिचं औषध सुरू आहे. पेरांची गरमी उतरलीय, थोडा आखड उरलाय. सकाळी भाकरीचं पीठ मळायच्या आधी ती पितळी घमेल्यात कोमट पाणी घेते, दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवते, पाण्यातच बोटं मिटते-उघडते. काल पहिली भाकरी तिनं स्वतः थापली, मी तव्यापाशी बसले होते.